क्लॅरिनेटवाल्याच्या पिशवीत काय असते?

लग्नाच्या वरातीपुढे चालणारा बँड तुम्ही पुष्कळदा पाहिला असेल. चकचकीत पितळी ट्रंपेट, मोठ्या तोंडाचा युफोनियम, पट्ट्याने गळ्यात अडकवलेला ढोल ही मंडळी चटकन नजरेत भरतात. पण नीट कान दिलात, तर गाण्याची चाल अगदी गळ्यातून निघाल्यासारखी ज्या वाद्यातून ऐकू येते, ते वाद्य वेगळेच असते. काळे, सरळ, दीड हात लांबीचे, अंगावर पांढऱ्या धातूच्या कळा असलेले आणि खालचे तोंड घंटेसारखे पसरलेले. हेच ते क्लॅरिनेट. आपल्याकडचे बँडवाले त्याला 'क्लॅरोनेट' असेही म्हणतात.

आता पुढच्या वेळी आणखी एक गोष्ट पाहा. क्लॅरिनेटवाल्याजवळ वाद्याशिवाय एक लहानशी पिशवी किंवा पेटी असते. तालमीला जाताना आणि कार्यक्रमाला जाताना तो ती विसरत नाही. त्या पिशवीत फार मौल्यवान असे काही नसते. एक फडके, एक डबी, थोडे ग्रीस, एक बारीक स्क्रू-ड्रायव्हर, एखादा रबरबँड अशा किरकोळ वस्तू असतात. परंतु यांतली एखादी वस्तू घरी राहिली, तर हजारो रुपयांचे वाद्य मुके होऊ शकते. असे का? याचे उत्तर देण्यासाठी आपल्याला भौतिकशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि थोडे हवामानशास्त्रही मदतीला घ्यावे लागेल.

किल्लारीची हवा

उदाहरणादाखल आपण लातूर जिल्ह्यातल्या किल्लारी या गावी जाऊ. औसा तालुक्यातले, तेरणा नदीच्या खोऱ्यातले हे गाव. किल्लारी म्हटले की ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट सर्वांना आठवते. त्या दिवशी झालेल्या भूकंपाने हजारो माणसांचे प्राण घेतले आणि गावेच्या गावे उद्ध्वस्त केली. पुढे किल्लारी नव्या जागी पुन्हा वसले. आज तेथे शाळा भरतात, लग्ने होतात, मिरवणुका निघतात. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीबरोबरच १७ सप्टेंबरला, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनालाही झेंडावंदन होते.

किल्लारीची निवड करण्याचे कारण म्हणजे तिथली हवा. हा भाग समुद्रापासून दूर, पठारावरचा. डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापमान १०-१२ अंश सेल्सिअसपर्यंत उतरते, तर एप्रिल-मे महिन्यांत दुपारी ते ४० अंशांच्या वर चढते. कोकणातल्यासारखा दमटपणा येथे नसतो. पावसाळा सोडला तर हवा कोरडीच. आणि बँडच्या कामाचे दिवस नेमके कोणते? लग्नसराई ऐन उन्हाळ्यात आणि प्रजासत्ताक दिन ऐन थंडीत! लाकडी वाद्याची याहून कठीण परीक्षा कोणती असणार?

आधी वाद्याची ओळख

क्लॅरिनेटचा जन्म इ. स. १७०० च्या सुमारास जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरात झाला. योहान क्रिस्टोफ डेन्नर या वाद्यकारागिराने 'शालुमो' नावाच्या जुन्या वाद्यात सुधारणा करून ते तयार केले, असे मानतात. इंग्रजांच्या काळात पलटणींच्या बँडबरोबर ते भारतात आले आणि पलटणीतून लग्नाच्या मांडवात शिरले. आज उत्तर प्रदेशातील मेरठ शहर बँडची वाद्ये बनवण्यासाठी प्रसिद्ध आहे.

क्लॅरिनेटचे पाच भाग सुटे होतात. तोंडात धरण्याचा मुखभाग म्हणजे माउथपीस, त्याखालचे आखूड बॅरल, वरची नळी, खालची नळी आणि शेवटी घंटेसारखे तोंड. चांगली वाद्ये आफ्रिकेतील काळ्या लाकडाची असतात. हे झाड आपल्या शिसवीचे जवळचे नातलग आहे. दोघेही 'डाल्बर्जिया' या एकाच प्रजातीतले. ते लाकूड इतके दाट असते, की पाण्यात टाकले तर बुडते. एबोनाइट म्हणजे कठीण केलेले रबर आणि प्लॅस्टिक यांचीही क्लॅरिनेटे मिळतात.

या वाद्याची एक गंमत आहे. बासरीची आणि क्लॅरिनेटची लांबी सारखीच ठेवली, तरी क्लॅरिनेटचा खालचा स्वर जवळजवळ एक सप्तक खालचा येतो. कारण बासरीची नळी ध्वनीच्या दृष्टीने दोन्ही टोकांना उघडी असते, तर क्लॅरिनेटची मुखाकडची बाजू बंद असल्यासारखी वागते. बंद नळीत ध्वनीची तरंगलांबी नळीच्या लांबीच्या चौपट असते, उघड्या नळीत फक्त दुप्पट.

हे तुम्ही स्वतः पडताळून पाहू शकता. हातभर लांबीचा प्लॅस्टिकचा नळ घ्या. त्याच्या काठावरून हळूच फुंका आणि स्वर ऐका. आता खालचे तोंड तळहाताने बंद करून पुन्हा फुंका. स्वर एकदम खाली उतरेल!

क्लॅरिनेटची आणखी एक खोड अशी, की अंगठ्याजवळची कळ दाबून स्वर वर नेला, तर तो दुप्पट वारंवारतेवर न जाता एकदम तिप्पट वारंवारतेवर उडी घेतो. नेहमीच्या बी-फ्लॅट क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा स्वर सेकंदाला सुमारे १४७ कंपनांचा असतो. कळ दाबली की तो ४४० च्या आसपास पोहोचतो. गवयाच्या भाषेत सांगायचे, तर खालच्या सापासून उडी मारली की वरच्या सप्तकातला सा न लागता त्याच्याही वरचा पंचम लागतो. सनईची नळी खाली रुंद होत जाणारी, शंकूसारखी असल्यामुळे तिच्यात हा प्रकार होत नाही. ती वरच्या सालाच जाते.

एवढी ओळख पुरे. आता पिशवी उघडू या.

रीड : उसाच्या चुलत भावंडाची पट्टी

पिशवीतली पहिली आणि सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे रीड. माउथपीसच्या सपाट बाजूवर बसवलेली ही पातळ पट्टी असते. सनईला दोन पात्यांची पत्ती असते. क्लॅरिनेटला एकच पाते पुरते. वादक फुंकतो तेव्हा हे पाते माउथपीसवरची फट उघडते आणि मिटते. सर्वांत खालच्या स्वराला सेकंदाला १४७ वेळा, वरच्या स्वरांना त्याच्या कितीतरी पट. ही फट जेमतेम एक मिलिमीटरची आणि पात्याचे टोक सुमारे ०.१ मिलिमीटर जाडीचे. म्हणजे वहीच्या कागदाएवढेच!

हे पाते ज्या वनस्पतीपासून करतात, तिचे शास्त्रीय नाव 'अरुंडो डोनॅक्स'. ही नळाच्या जातीची उंच वाढणारी एक वनस्पती आहे. फ्रान्सच्या दक्षिणेकडील व्हार या भागातली अरुंडो रीडसाठी नावाजलेली आहे. ती कापून, दीर्घकाळ वाळवून, मग तिच्या पट्ट्या काढतात. शास्त्रज्ञांच्या वर्गीकरणात ही वनस्पती गवताच्या कुळात मोडते. आपला ऊस, ज्वारी, बांबू हे सगळे त्याच कुळातले. किल्लारीच्या शिवारातला ऊस आणि क्लॅरिनेटची रीड ही अशी एकमेकांची चुलत भावंडे आहेत.

गवताच्या कांडात उभे तंतू असतात. पाणी शोषले की ते लांबीत फारसे वाढत नाहीत, पण रुंदीत आणि जाडीत फुगतात. पावसाळ्यात लाकडी दार चौकटीत अडकते ते याच कारणाने. कोरडी रीड ताठ असते, नीट कंप पावत नाही आणि चिरका आवाज काढते. म्हणून वादक ती वाजवण्यापूर्वी मिनिटभर तोंडात धरून ओली करतो. पण ओली रीड उन्हात उघडी ठेवली, तर एक बाजू आधी वाळते, दुसरी मागाहून. मग तिचे टोक नागमोडी होते आणि फट नीट मिटत नाही.

प्रयोग करून पाहा. वर्तमानपत्राच्या कागदाची वीतभर पट्टी कापा आणि एकाच बाजूने ओल्या बोटाने पाणी फिरवा. पट्टी लगेच वळेल. ओली बाजू पसरते, कोरडी पसरत नाही. हे तत्त्व लक्षात ठेवा, पुढे ते पुन्हा लागणार आहे.

म्हणून पिशवीत एका ऐवजी निदान तीन-चार चांगल्या, वाजवून पारखलेल्या रीड असाव्या लागतात. त्या आलटून पालटून वापरल्या की जास्त टिकतात. रीडवर १.५ ते ५ असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितकी रीड ताठ. शिकाऊ मुलाने २ किंवा २.५ पासून सुरुवात करावी. नवी कोरी, कधीही न वाजवलेली रीड घेऊन थेट कार्यक्रमाला जाणे म्हणजे नवे बूट घालून शर्यतीत धावण्यासारखे आहे.

या रीड ठेवायला दुसरी वस्तू हवी, ती म्हणजे सपाट तळाची रीडची डबी. तिच्यात काचेची किंवा प्लॅस्टिकची गुळगुळीत पट्टी असते. त्या पट्टीवर दाबून ठेवलेली रीड दोन्ही बाजूंनी हळूहळू वाळते आणि सरळ राहते. तिसरी वस्तू म्हणजे माउथपीसचे टोपण. वरात चौकात थांबली, वादकाने वाद्य काखेत धरले, की टोपण घालावे. नाहीतर गर्दीत कोणाच्या तरी बाहीला अडकून रीडचे टोक तुटते. आजकाल कृत्रिम पदार्थांच्या रीडही मिळतात. त्या पाणी शोषत नाहीत आणि उन्हात वाळत नाहीत. पुष्कळ वादक अडीअडचणीसाठी तशी एक जवळ बाळगतात.

फडके : पाणी येते कोठून?

चौथी वस्तू अगदी साधी आहे. दोरी बांधलेले सुती किंवा रेशमी फडके. दोरीच्या टोकाला लहानसे वजन असते. वजन नळीत सोडायचे, खालून दोरी ओढायची, की फडके आतून सर्व नळी पुसून बाहेर येते.

थंडीत क्लॅरिनेट वाजवले की घंटेच्या तोंडातून पाण्याचे थेंब टपकताना दिसतात. लोकांना वाटते ती वादकाची थुंकी. खरे म्हणजे त्यातले बहुतेक पाणी श्वासातल्या वाफेचे असते. आपण सोडलेला श्वास ३४ अंशांच्या आसपास गरम आणि वाफेने जवळजवळ भरलेला असतो. ३४ अंशांच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त सुमारे ३७ ग्रॅम वाफ मावते, तर १५ अंशांच्या हवेत केवळ १३ ग्रॅम. उरलेली २४ ग्रॅम वाफ जाणार कोठे? ती थंड नळीच्या भिंतीवर दवासारखी जमते.

समजा, वादकाने तासाभरात अर्धा घनमीटर हवा फुंकली आणि ती सगळी १५ अंशांपर्यंत थंड झाली. मग सुमारे १२ ग्रॅम पाणी जमेल, म्हणजे दोन-अडीच चहाचे चमचे. सगळी वाफ अशी जमत नाही हे खरे. पण निम्मे पाणी जमले तरी ते एखाद्या स्वररंध्रात शिरायला पुरेसे आहे. मग त्या रंध्रावरची गादी बुडबुड करू लागते आणि स्वर फाटतो.

उन्हाळ्यात हेच वाद्य ४० अंशांवर तापलेले असते. तेथे वाफ जमत नाही, पण कळांवर घाम जमतो. घामात मीठ असते, त्याने पोलादी स्प्रिंगा गंजतात. म्हणून कळा पुसायला दुसरे कोरडे, मऊ फडके ठेवावे. नळी पुसायचे फडके कळांना आणि कळांचे फडके नळीला वापरू नये.

लाकूड का तडकते?

आता सर्वांत मोठ्या धोक्याकडे वळू. २६ जानेवारीची पहाट आहे. पेटीतून काढलेले लाकडी क्लॅरिनेट १२ अंशांना थंड आहे. वादक जोराने फुंकू लागतो. आतल्या बाजूला गरम, दमट श्वास लागतो. आतले लाकूड पाणी शोषते, तापते आणि फुगते. बाहेरचे लाकूड मात्र थंड आणि कोरडेच राहते. आठवतो ना मघाचा कागदाच्या पट्टीचा प्रयोग? कागद वळून सुटका करून घेतो. नळीला वळता येत नाही. तिच्या बाहेरच्या थरावर ताण वाढत जातो आणि कधीकधी तंतूंच्या दिशेने उभी चीर पडते. थंड काचेच्या पेल्यात उकळता चहा ओतला की पेला तडकतो, तसाच हा प्रकार.

चीर पडलेल्या क्लॅरिनेटातून हवा गळते. दुरुस्तीला वाद्य शहरात पाठवावे लागते. ऐन हंगामात असे झाले, तर ज्याचे पोट त्या वाद्यावर चालते त्याचे ते दिवस वाया जातात. म्हणून जाणते वादक थंडीत वाद्य फुंकून गरम करीत नाहीत. आधी ते बाहेरून हातांनी धरून, काखेत घेऊन ऊब देतात. मग हळूहळू, खालच्या स्वरांवर हलकेच फुंकायला सुरुवात करतात. नवे लाकडी वाद्य तर पहिले काही आठवडे रोज १५-२० मिनिटेच वाजवतात, म्हणजे लाकडाला ओलाव्याची सवय होते. चालत्या मिरवणुकीसाठी पुष्कळ जण लाकडी वाद्य न नेता प्लॅस्टिकचे किंवा एबोनाइटचे नेतात, ते याचमुळे.

कोरड्या हवेपासून वाद्याला जपण्याची एक जुनी युक्ती आहे. पेटीत संत्र्याच्या सालीचा तुकडा ठेवायचा. सालीतला ओलावा बंद पेटीत सावकाश पसरतो आणि आर्द्रता थोडी वाढते. आपल्या मोसंबीच्या सालीनेही तेच काम होईल. मात्र साल दोन दिवसांनी बदलली नाही, तर तिच्यावर बुरशी येते आणि ती वाद्याला चिकटते. त्यापेक्षा आर्द्रता राखणारी तयार पुडी बरी.

पेटी उन्हात तापलेल्या टेंपोत ठेवू नये. क्लॅरिनेटच्या कळांखालच्या गाद्या बहुधा लाखेने चिकटवलेल्या असतात. हीच लाख बांगड्यांसाठीही वापरतात. ती एका किड्यापासून मिळते आणि उष्णतेने मऊ होते. लाख मऊ झाली की गादी जागची हलते आणि रंध्र नीट झाकले जात नाही.

बुचाचे ग्रीस

पाचवी वस्तू म्हणजे एका लहान डबीत किंवा कांडीत मिळणारे बुचाचे ग्रीस. क्लॅरिनेटचे भाग एकमेकांत बसतात, तेथे बुचाचा पातळ पट्टा असतो. बूच ही भूमध्य समुद्राच्या बाजूला वाढणाऱ्या एका ओक वृक्षाची साल आहे. पोर्तुगाल हा देश तिच्यासाठी प्रसिद्ध आहे. बूच दाबले जाते आणि दाब काढला की फुगते, कारण त्यात हवेने भरलेल्या असंख्य बारीक कप्प्या असतात. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूक याने सूक्ष्मदर्शकाखाली बुचाचा काप पाहिला आणि त्या कप्प्यांना 'सेल' हे नाव दिले. त्याचे हे निरीक्षण १६६५ साली छापले गेले. जीवशास्त्राच्या पुस्तकात तुम्ही 'पेशी' शिकता, त्या शब्दाची सुरुवात अशी बुचापासून झाली.

बूच कोरडे झाले की घर्षण वाढते. घाईत जोर लावून भाग जोडले, तर बूच फाटते किंवा कळेचा दांडा वाकतो. बोटाच्या टोकाएवढे ग्रीस हे संकट टाळते. ग्रीस जास्त मात्र लावू नये. त्यावर धूळ बसते, आणि मिरवणुकीच्या रस्त्यावर धुळीला काय तोटा!

सूर जुळवणे आणि दुसरे बॅरल

सहावी वस्तू म्हणजे सूर तपासण्याचे साधन. पूर्वी ते स्वरकाटा असे. इंग्लंडच्या जॉन शोर याने १७११ साली तो तयार केला. आता लहान विजेरी ट्यूनर मिळतो किंवा मोबाइलवरही काम भागते.

पण वाद्य कारखान्यात एकदा जुळवले असताना पुन्हा पुन्हा तपासायचे कशाला? कारण हवेतील ध्वनीचा वेग तापमानावर अवलंबून असतो. ढोबळ सूत्र असे : वेग = ३३१ + (०.६ × तापमान) मीटर प्रतिसेकंद. १२ अंशांना तो सुमारे ३३८ आणि ४० अंशांना ३५५ येतो. म्हणजे पाच टक्के वाढ. नळी तेवढीच राहिली आणि वेग वाढला, तर वारंवारताही तेवढीच वाढते. सा आणि कोमल रे यांच्यातले अंतर सुमारे सहा टक्क्यांचे असते, हे ध्यानात घ्या. थंडीत गरम श्वासाने नळी थोडी तापते, म्हणून प्रत्यक्षातला फरक याहून कमी पडतो. तरीही तो कानाला चांगलाच खुपतो. बँडच्या गाडीवर विजेवर चालणारा कीबोर्ड असतो आणि त्याचा सूर ऊन असो की थंडी, हलत नाही. मग क्लॅरिनेटलाच त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

यासाठी वादक बॅरल किंचित बाहेर ओढतो. नळी लांब झाली की सूर उतरतो. पण फार ओढले तर आत खाच पडते आणि सगळे स्वर सारखे उतरत नाहीत. म्हणून अनुभवी वादक एक-दोन मिलिमीटर कमीजास्त लांबीचे दुसरे बॅरल जवळ ठेवतात. दोन वाद्यांचे सूर जवळ आले, तरी पुरते जुळले नसले तर आवाज कमीजास्त होतो आणि 'वाँव् वाँव्' असे ठोके ऐकू येतात. एक स्वर ४४० कंपनांचा आणि दुसरा ४४३ चा असेल, तर सेकंदाला तीन ठोके पडतील. ठोके नाहीसे झाले की सूर जुळले.

अडल्या वेळचे सोबती

बाकीच्या वस्तू किरकोळ दिसतात, पण त्यांतली एकेक लाखमोलाची आहे.

बारीक स्क्रू-ड्रायव्हर : सतत कंप पावणाऱ्या वाद्याचे स्क्रू हळूहळू सैल होतात. महिन्यातून एकदा सगळे तपासावे आणि बोटाच्या जोरानेच आवळावेत.

रबरबँड : कळ परत जागेवर आणणारी सुईसारखी स्प्रिंग तुटली, तर रबरबँड कळेला गुंडाळून नळीला अडकवतात. ताणलेले रबर स्प्रिंगचे काम करते आणि कार्यक्रम निभावतो.

मजबूत दोरा : रीड आवळून धरणारी धातूची पट्टी हरवली, तर दोऱ्याने रीड बांधता येते. जर्मनीत आजही पुष्कळ वादक मुद्दाम दोराच वापरतात.

पातळ कागदाच्या पट्ट्या : ओलाव्याने चिकटणाऱ्या गादीखाली कागद धरून कळ हलकेच दाबली, की पाणी कागदात शोषले जाते. केशाकर्षणाचा हा साधा उपयोग. गादी नीट बसते की नाही हेही याच कागदाने कळते. गादीखाली पट्टी ठेवून ओढा. एका बाजूला ती सहज निसटली, तर तेथून हवा गळते असे समजा.

पेन्सिल : तालमीत मास्तर जे बदल सांगतात, ते लगेच लिहून ठेवावे लागतात. खोडता येते म्हणून पेन नको, पेन्सिलच हवी.

गळपट्टा : क्लॅरिनेटचे वजन सुमारे ८०० ग्रॅम असते आणि ते जवळजवळ सगळे उजव्या अंगठ्यावर पेलावे लागते. तीन तासांच्या वरातीत अंगठा दुखू लागतो. गळ्यात अडकवायचा पट्टा तो भार खांद्यांवर घेतो.

वाद्य सांभाळाल, पण स्वतःला?

पिशवीत पाण्याची बाटली असलीच पाहिजे. मेच्या उन्हात चालत फुंकणे हे श्रमाचे काम आहे. शिवाय आणखी एक कारण आहे. लग्नाच्या घरी जिलेबी समोर येते. जिलेबी खाऊन तसेच वाजवायला उभे राहिले, की साखर लाळेबरोबर रीडवर आणि गाद्यांवर जाते. गाद्या चिकटतात, रीडवर जंतू वाढतात. म्हणून आधी खळखळून चूळ भरावी, मगच वाद्य तोंडाला लावावे. एकमेकांची रीड वापरू नये. माउथपीस आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवावा. कढत पाण्याने नव्हे, कारण त्याने एबोनाइटचा रंग उडतो आणि आकार बिघडू शकतो.

शेवटची वस्तू सर्वांत लहान आणि सर्वांत दुर्लक्षित आहे. ती म्हणजे कानात घालायची बोंडे. तज्ज्ञांच्या एका प्रचलित नियमानुसार ८५ डेसिबेल आवाज रोज आठ तासांपर्यंत सहन करावा. आवाज तीन डेसिबेलने वाढला की हा वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, ९७ ला अर्धा तास आणि १०० ला फक्त १५ मिनिटे. बँडमध्ये ट्रंपेट आणि ढोल क्लॅरिनेटवाल्याच्या कानाशीच असतात. शेजारी डीजेची भिंत असेल तर विचारूच नका. फाटलेली गादी बदलता येते, तडकलेली नळी चिकटवता येते. पण कानाच्या आतल्या सूक्ष्म केसांच्या पेशी एकदा मेल्या की माणसाच्या शरीरात त्या पुन्हा उगवत नाहीत. साधा कापसाचा बोळा या कामी पुरत नाही. त्यासाठी मुद्दाम बनवलेली बोंडेच हवीत.

पिशवीची यादी

तुमच्या शाळेच्या बँडमध्ये कोणी क्लॅरिनेट शिकत असेल, तर ही यादी त्याच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा : तीन-चार रीड, रीडची डबी, माउथपीसचे टोपण, दोरीचे फडके, कळांचे फडके, बुचाचे ग्रीस, ट्यूनर, जादा बॅरल, स्क्रू-ड्रायव्हर, रबरबँड, दोरा, कागदाच्या पट्ट्या, पेन्सिल, गळपट्टा, पाण्याची बाटली, कानातली बोंडे.

पुढच्या लग्नसराईत बँड थांबला असेल तेव्हा जवळ जा आणि आदराने विचारा, "मास्तर, तुमची पिशवी बघू का?" यादीत नसलेली एखादी वस्तू तिच्यात नक्की सापडेल. ती कशासाठी ठेवली आहे हे त्यांना विचारण्यापूर्वी स्वतःच विचार करून पाहा. आणि जाता जाता हे एक कोडे सोडवा. उन्हात सनई, बासरी आणि क्लॅरिनेट या तिघांचाही सूर चढतो. मग त्याच उन्हात ठेवलेल्या तंबोऱ्याच्या तारांचा सूर चढेल की उतरेल, आणि का?